डावीकडची गाडी

२ फेब्रुवारी, रविवार

कॉम्प्युटरवरच्या ऑनलाइन शर्यतींत ताईवर बंदी. पुढच्या दोन शर्यती बाहेर. आयोजकांनी सगळ्यांना दिसेल असं लिहून टाकलं — "डबलडेकरने शेजारच्या गाडीला जागा दिली नाही. या हंगामातली तिसरी धडक."

डबलडेकर म्हणजे आमची ताई. एकदा शर्यतीनंतरच्या गप्पांत तिने सांगून टाकलं की ती शहराची बस चालवते, झालं, नाव चिकटलं. माझं नाव दातकोरणी. दिवसभर लोकांच्या कवळ्या घासणारीला दुसरं काय मिळणार!

झालं काय, तर पहिल्याच वळणावर डावीकडून खवीस आला — तो लाल गाडीवाला, ज्याचा आवाज फाटक्या स्पीकरसारखा आहे — आणि ताईने गाडी सरळ त्याच्या अंगावर घातली. हेडफोनमध्ये एकच कल्लोळ. खवीस तर बोंबलतच होता. त्यात कुणीतरी म्हणालं, "काकूंना आता आराम करू द्या." काकू म्हणे!

ताईने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. मला म्हणाली, "मला दिसलीच नाही गं ती गाडी. एकदम उगवली."

इतकी वर्षं ती बसचं धूड गर्दीतून चालवते, कुणाच्या आरशालासुद्धा धक्का लावलेला नाही तिने. ती म्हणते एकदम उगवली, तर एकदमच उगवली असणार. म्हणजे पडद्यावर ती उशिरा आली. म्हणजे दोष मशीनचा. बंदी उठल्यावर २३ तारखेला ताई परत बसेल, तोवर या मशीनमध्ये मी तसूभर खोट ठेवणार नाही. आणि मग त्या खवीसाचं तोंड बघायचंय मला.

३ फेब्रुवारी, सोमवार

दिवसभर दातांच्या लॅबमध्ये साच्यांत प्लास्टर ओतताना डोक्यात हेच. मॅडमनी दोनदा विचारलं, "लक्ष कुठाय?" लक्ष घरी जेवणाच्या टेबलावर होतं. शर्यतीचं स्टिअरिंग तिथेच बोल्ट करून बसवलंय, त्यामुळे आम्ही दोघी जेवतो मांडीवर ताट घेऊन.

४ फेब्रुवारी, मंगळवार

थोडं नीट मांडते, म्हणजे मलाच कळेल.

गेल्या महिन्यात मी हट्टाने रुंद पडदा आणला. आधीचा छोटा होता, त्यात बाजूच्या गाड्या दिसायच्याच नाहीत. तेव्हाही एकदोनदा कुणाकुणाला लागलं होतं, म्हणून तर हा आणला. याची दोन्ही टोकं थोडी आत वळलेली, बसलं की गाडीच्या काचेत बसल्यासारखं वाटतं. पण त्यावरचे ठिपके, म्हणजे पिक्सेल, आधीपेक्षा जवळजवळ अडीचपट! ते सगळे रंगवणार कोण? ग्राफिक्स कार्ड. आणि आमचं कार्ड छोट्या पडद्याच्या हिशेबाचं. बिचाऱ्याच्या नाकी नऊ येत असणार. सेकंदाला कशीबशी पस्तीस चित्रं काढतंय, तीही धडपडत.

हे ताईला सांगितलं. ती भाजी चिरत होती. म्हणाली, "आणि तो प्रोसेसर काय करतो मग?"

म्हटलं, तो आधी ठरवतो कुठली गाडी कुठे आहे, किती वेगात आहे, कोण कुणाला घासतंय. त्याने ठरवल्यावर कार्ड रंगवतं.

"म्हणजे तो कंडक्टर," ताई म्हणाली. "त्याने घंटी दिल्याशिवाय ड्रायव्हरने निघायचं नाही."

अगदी बरोबर. माझ्या डोक्यात मात्र दात होते. कवळीत एकच दात केसभर उंच राहिला तर सगळा जबडा दुखतो. माणूस म्हणतो कवळी वाईट आहे. कवळी वाईट नसते, एक दात उंच असतो. आम्ही साच्यांच्या मध्ये निळा कागद धरतो, साचे मिटतो, जिथे डाग गडद तिथे घासतो. इथेही तेच करायचं. कुठे गडद उमटतंय ते शोधायचं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सुट्या भागांच्या दुकानात गेले होते. दुकानदाराला आम्ही पंखेवाला म्हणतो. काहीही विचारा, तो आणखी एक पंखा लावायला सांगतो. आज त्याने पडद्याचा आकडा ऐकला आणि मान हलवली. "मॅडम, एवढ्या पडद्याला हे कार्ड म्हणजे स्कूटरला ट्रेलर जोडलाय तुम्ही. कार्ड मोठं घ्या."

घेतलं. विचार करत बसले असते तर घेतलंच नसतं.

हल्ली ताई अगदी वेळेवर घरी येते. बरंय, सरावाला वेळ मिळतो.

८ फेब्रुवारी, शनिवार

कार्ड कॉम्प्युटरच्या डब्यात मावेना! लांबी मोजली होती, पण पुढच्या पंख्याची जाडी धरलीच नव्हती. पंखेवाल्याचाच पंखा, त्याच्याच कार्डाच्या आड. शेवटी तो काढला. ताई टॉर्च धरून उभी. मी स्क्रू आत पाडला, ताईने अख्खा डबा उचलून उलटा केला आणि हलवला, जशी लहानपणी माझी गल्ल्याची पेटी हलवायची. स्क्रू पडला. सोबत एक मेलेलं झुरळही.

मोकळ्या रस्त्यावर एकटीने चालवून बघितलं. सेकंदाला ऐंशीच्या वर चित्रं! झाडं काय, कठडे काय, लोण्यासारखं सरकत होतं सगळं. ताई म्हणाली, "छान दिसतंय गं." मी तिच्याभोवती नाचलेसुद्धा.

९ फेब्रुवारी, रविवार

आमच्याविना शर्यत झाली. खवीस पहिला आला. असो.

आम्ही घरीच सरावाला बसलो, कॉम्प्युटरच्या तीस गाड्या सोबत घेऊन. शर्यत सुटली आणि चित्र अडखळलं! हिरवा दिवा, धक्का, धक्का, मग एकदम पुढे. मोकळ्या रस्त्यावर लोणी आणि गर्दीत ही रड. ताईने पहिल्या वळणावर डावीकडच्याला उडवलंच.

मी कार्डाचा आकडा बघितला. पठ्ठ्या अर्ध्या ताकदीवर आरामात बसलेला. मग मी मुद्दाम पडद्याचे ठिपके कमी केले, चित्र पार धुरकट होईपर्यंत. कार्डावर भार असता तर वेग वाढायला हवा होता. तसूभर वाढला नाही. म्हणजे कार्ड वाट बघतंय. कंडक्टर घंटीच देत नाहीये.

निळा डाग प्रोसेसरवर उमटला. मी उगाच दुसराच दात घासत बसले होते.

१० फेब्रुवारी, सोमवार

लॅबमधून थेट पंखेवाल्याकडे. म्हटलं, तुम्ही मला कार्ड विकलं, प्रोसेसरचं नाव काढलं नाहीत. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही पडद्याचं बोललात, गाड्या किती ते कुठे बोललात?" खरं होतं ते, म्हणून जास्तच राग आला. मग म्हणाला, "सध्या एक पंखा लावून बघा." माझं डोकं फिरलं. दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांनी वळून बघितलं इतकं फिरलं.

पण माणूस वाईट नाही. आहे त्याच मदरबोर्डावर बसेल असा नवा प्रोसेसर शोधून दिला त्याने. फक्त बोर्डाचं आतलं सॉफ्टवेअर आधी बदलायचं, आणि ते चालू असताना वीज जाता कामा नये.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सॉफ्टवेअर बदललं. ते होईपर्यंत ताई मुख्य बटणापाशी हाताची घडी घालून पहाऱ्याला उभी. शेजारीण साखर मागायला आली, तिला दारातूनच परतवून लावलं. "आत ऑपरेशन चालू आहे," म्हणाली. शेजारणीचा चेहरा बघण्यासारखा होता.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

प्रोसेसर बसला. त्याला गार ठेवणारा लेप जरा जास्तच घातला, कडेने बाहेर आला, पुसून परत लावला. हात मात्र थरथरला नाही, दातांच्या कामाचा तेवढा फायदा.

तीस गाड्या. हिरवा दिवा. एकही धक्का नाही!

१५ फेब्रुवारी, शनिवार

मला कळत नाही.

आज खवीस आणि मंडळींनी सराव ठेवला होता. बंदी शर्यतीपुरती, सरावाला कुणी अडवत नाही. आधी मी चालवली, काही झालं नाही. मग ताई बसली. सुरुवात झक्क. तिसऱ्या फेरीत डावीकडून एक पिवळी गाडी, आणि ताई थेट तिच्यात. परत तेच. "कुठून आली गं ही?"

मी आकडे लगोलग बघितले, त्या क्षणी चित्र अडखळलेलं नाही. मग काय? केबल? पडद्याचाच वेग? नेटचं काही? पिवळीवाला म्हणाला, "दातकोरणी चालवते तेव्हा बरं असं होत नाही?"

अरे, माझ्या शेजारी गाडी येणार कुठून! मी कायम शेवटून दुसरी. माझ्या मागे असतो तो एकजण, त्याची मांजर कीबोर्डवर चढते म्हणून. ताई पुढच्या घोळक्यात घुसते, तिथे घासाघीस होणारच. तुलनाच चुकीची आहे.

केबल बदलणार. कडेचं चित्र वेगळं तपासणार. मी सोडत नसते.

१७ फेब्रुवारी, सोमवार

ताई म्हणाली, "सोड ना गं आता. एक खेळ तर आहे."

मी फणकारले. म्हटलं, खेळ तुझ्यासाठी असेल. चार टिनपाट पोरं तुला काकू म्हणून घरी बसवायला निघालीत आणि मी ऐकून घेऊ? तुला गाडी चालवता येत नाही, असं कुणी म्हणायचं आणि मी गप्प बसायचं?

सायकल मला हिने शिकवली. स्कूटर हिने. चारचाकीही हिनेच, शेजारी बसून, आरसा बघितला नाही की दंडावर चिमटा. माझ्या दंडावर अजून त्या चिमट्यांची भीती आहे. मला आयुष्यात जे काही धड हाकता येतं ते हिच्यामुळे. मला हे तिला तोंडावर सांगता येत नाही, म्हणून स्क्रू फिरवत बसते, झालं.

ताई म्हणाली, "माहितीये मला." आणि ताटं घासायला उठली.

१९ फेब्रुवारी, बुधवार

नवी केबल. ठिपके एक पायरी खाली आणले, चित्र डोळ्यांना तसंच दिसतं आणि कार्डाला श्वास मिळतो. सावल्या मध्यम, प्रेक्षकांची गर्दी बंद. त्या प्रेक्षकांचा हिशेब प्रोसेसर करत होता, फुकटचा! चित्रांचा वेग नव्वदवर बांधून टाकला. उगाच वर जाऊन खाली आपटण्यापेक्षा एका जागी ठाम राहिलेला बरा. आता कार्ड दमत नाही, प्रोसेसर दमत नाही, पडदा कुणाची वाट बघत नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

नव्वद. वेगाच्या आलेखाची रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ. काढा आता खोट.

२२ फेब्रुवारी, शनिवार

उद्या शर्यत. पडद्याचं सगळं चित्र रेकॉर्ड होईल असं लावून ठेवलंय, कोपऱ्यात वेगाचा आकडाही. पुन्हा कुणी बोट दाखवलं तर पुरावाच तोंडावर फेकायचा.

ताईने आज सराव केला नाही. म्हणाली, "उद्याचं उद्या." उशीत तोंड घालून पडली होती. मी म्हटलं, घाबरलीस की काय? ती हसली.

२३ फेब्रुवारी, रविवार

कसं लिहू. क्रमानेच लिहिते.

दुपारी शर्यत सुटली. ताईची सुरुवात अशी की मी उभीच राहिले. पहिलं वळण सफाईदार. तिसऱ्या जागी. खवीस तिच्या पुढे, मग तिने त्याला उजवीकडून गाठलं, हळूच, बस लावताना लावते तसं, अंगठाभर जागा ठेवून. मी हेडफोनमध्ये अक्षरशः ओरडले. अर्धी शर्यत ती दुसरी होती. मशीनची रेघ नव्वदवर, हलायला तयार नाही. मला वाटलं, जिंकलो.

मग खवीस डावीकडून परत आला. ताईने गाडी डावीकडे घेतली. दोघंही कठड्यात. मागचे चार त्यांच्यावर.

या वेळी कुणी बोंबललं नाही. खवीससुद्धा नुसतं म्हणाला, "काय हो हे." आयोजकांनी डबलडेकरला हंगामातून काढलं. मी म्हटलं, थांबा, माझ्याकडे रेकॉर्डिंग आहे, दाखवते. ताई म्हणाली, "नको दाखवूस," आणि स्वयंपाकघरात गेली.

मी लावून बघितलं. सावकाश. वेगाचा आकडा नव्वद, नव्वद, नव्वद. आणि डावीकडे लाल गाडी. ती उगवत नाही कुठून. ती आहे तिथे. आधी अख्खं वळणभर आहे, मग सरळ रस्त्यावर आहे, मोठी होत जाते, तिचे दिवे लागलेले दिसतात. आंधळ्यालाही दिसावी इतकी — नाही, हे मी काय लिहितेय.

मी परत लावलं. परत. मशीनमध्ये काहीही चुकलेलं नाही. मी स्वतःच तर सगळ्या खोटी काढून टाकल्या होत्या, आता एकही उरली नव्हती.

मग १५ तारखेची पिवळी गाडी आठवली. डावीकडून. त्याआधी तीस गाड्यांतली ती, डावीकडून. बंदी पडली ती धडक, डावीकडून. ताई दर वेळी सांगत होती की गाडी दिसली नाही. मी दर वेळी ऐकलं की गाडी नव्हती.

उठून स्वयंपाकघरात गेले. ती ओट्यापाशी चहा गाळत होती. मी आवाज न करता तिच्या डाव्या हाताला जाऊन उभी राहिले, हात लांब केला तर लागेल इतकी जवळ. तिने कप भरले. मग मान वर करून बाहेरच्या खोलीकडे हाक मारली, "अगं, चहा घेतेस ना?"

मी शेजारीच होते.

"घेते," म्हणाले. ती दचकली, गाळणं हातातून पडलं. मी हसल्यासारखं केलं. चहा प्यायलो. काय बोललो आठवत नाही.

उद्या सोमवार. उद्या सकाळी ती गणवेश चढवून डेपोत जाणार आणि ते धूड घेऊन रस्त्यावर उतरणार. आणि थांब्यावर उभी असलेली सगळी माणसं दाराच्या बाजूला, डावीकडे. पोरं डावीकडून पळत येतात. सायकलवाले डावीकडून घुसतात. इतके दिवस मी काय करत होते? सावल्या मध्यम करत होते!

तिला हे सांगणं म्हणजे तिचे हात कापून घेणं आहे. गाडीशिवाय ताई मी बघितलेलीच नाही. पण उद्या ती त्या सीटवर बसणार नाही. रडो, ओरडो, आयुष्यभर माझ्याशी अबोला धरो. मी दारात आडवी पडेन, पण जाऊ देणार नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी दार अडवून उभी राहिले. म्हटलं, ताई, तू बस चालवायची नाहीस.

तिने डबा पिशवीत ठेवला. म्हणाली, "नाहीच चालवत. जानेवारीपासून डेपोत पासाच्या खिडकीवर बसते. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, त्याच दिवशी जाऊन किल्ली ठेवून आले. गेली ती नजर परत येत नाही. आहे ती टिकावी म्हणून थेंब घालते."

मला दारातून हलताच येईना. तिनेच दंड धरून बाजूला केलं आणि कामावर गेली.

संध्याकाळी मी पडद्यावरचं अख्खं रुंद चित्र आखडून मधोमध घेतलं, दोन्ही कडा काळ्या ठेवल्या. बाजूच्या गाड्या आता समोरच्या चौकटीत येतात. ठिपके निम्म्याहून कमी झाले, कार्ड रिकामं बसलंय, बसू दे. ताई शेजारी खुर्ची ओढून बघत होती. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? मी वेड्यासारखी मशीन उघडत बसले होते.

"तू रोज मशीनलाच दोष देत होतीस," ताई म्हणाली. "ऐकायला बरं वाटायचं गं."